सरासरी वेगात भागाकार सगळ्यात शेवटी येतो

दारव्ह्याकडच्या एका भावाने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: "सर, मी दर रविवारी गावाहून यवतमाळला सायकलने जाऊन येतो. जाऊन-येऊन ८० किलोमीटर. मोबाइलचं ॲप म्हणते सरासरी २७, मी घड्याळ पाहून काढतो तर २४ येते. खरं कोणतं? दुसरं, टूर डी फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीच्या एकवीस स्टेजचे, म्हणजे रोजच्या टप्प्यांचे, सरासरी वेग वहीत लिहिले, बेरीज केली, २१ ने भागलं, तर जाहीर झालेल्या आकड्यापेक्षा जास्तच येते. असं काहून? अन् तिसरं, २६ जानेवारीला आमच्या गावात ४० किलोमीटरची शर्यत ठेवली आहे. जिंकणाऱ्याचा सरासरी वेग बोर्डावर लिहायचा आहे. तो कसा मोजायचा?"

भाऊ, प्रश्न तीन आहेत, पण अडचण एकच आहे. अंतर भागिले वेळ हे सूत्र सातवीच्या पोरालाही येतं, तुम्हालाही येतंच. पण अंतर कुठून कुठपर्यंतचं, वेळ कोणाची, घड्याळ कधी सुरू झालं आणि कधी थांबलं, हे न ठरवताच आपण भागाकाराला बसतो. मी परतवाड्याकडचा. शाळेत पीटी शिकवली आणि जिल्ह्याच्या, विभागाच्या रोड रेसमध्ये फिनिश लाइनवर घड्याळ घेऊन बसण्याचं काम बरीच वर्षं केलं. तिथे भांडणं पाहिली ती बहुतेक अशीच. दोघांचाही भागाकार बरोबर असायचा, फक्त दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी भागलेल्या असायच्या.

तुमच्या रविवारचंच बघा. ८० किलोमीटरला ताशी २४ म्हणजे ३ तास २० मिनिटं. २७ म्हणजे २ तास ५८ मिनिटांच्या आसपास. मधली बावीस मिनिटं चहा-पोह्यात गेली, रस्त्यावरच्या गुरांत गेली की ओळखीचा कोणी भेटला त्यात गेली, ते तुम्हाला माहीत. चाक थांबलं की ॲप घड्याळ थांबवतं आणि फक्त चालती वेळ मोजतं. तुम्ही घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंतची एकूण वेळ धरली. दोन्ही आकडे खरे आहेत. पायात जोर वाढतोय का हे महिनोन् महिने पाहायचं असेल तर चालती वेळ कामाची. पण शर्यतीत एकूण वेळच चालते. पंक्चर झालं, साखळी उतरली, पडला, लघवीला थांबला, घड्याळ सुरूच. म्हणून व्यावसायिक शर्यतीच्या आकड्याशेजारी तुमचा आकडा ठेवायचाच असेल तर २४ ठेवा, २७ नको.

"मग शर्यतीत घड्याळ कधीच थांबत नाही का?" असं तुम्ही विचाराल. थांबतं, पण सायकलस्वाराच्या मर्जीने नाही, पंचांच्या हुकमाने. २०१८ च्या टूरमध्ये सोळाव्या स्टेजला शेतकऱ्यांनी गवताचे गठ्ठे रस्त्यावर टाकून रास्ता रोको केला. पोलिसांनी शेतकऱ्यांवर डोळे झोंबवणारा फवारा मारला, तो वाऱ्याने सायकलस्वारांच्या डोळ्यांत गेला, आणि सगळी शर्यत पंधराएक मिनिटं उभी राहिली. ती वेळ कोणाच्याही खात्यात धरली नाही. शर्यत 'न्यूट्रल' केली, डोळे धुतले, पुन्हा सुरू केली. रेल्वे फाटकाचा नियम याहून बारीक आहे. आघाडीवरच्याला फाटकाने अडवलं आणि त्याची आघाडी तीस सेकंदांहून जास्त असेल, तर पंच मागच्यांना थांबवून ते अंतर राखून देतात. त्याहून कमी असेल तर त्याचं नशीब. आणि बंद फाटकाखालून घुसलात तर बाद. २००६ च्या पॅरिस-रुबे या फ्रान्समधल्या एका दिवसाच्या शर्यतीत होस्टे, व्हान पेटेगेम आणि गुसेव्ह हे पुढे राहून पूर्ण करणारे तिघे याच कारणाने निकालातून काढले गेले. आपल्याकडच्या पोरांना हे मुद्दाम सांगतो, कारण फाटकाखालून सायकल वाकडी करून काढणं आपल्याला फार सोपं वाटतं.

आता अंतर. टीव्हीवर स्टेज सुरू होताना घोळका गावातून रमतगमत जाताना दिसतो, लोक हात हलवतात, पुढे लाल गाडी असते. तो भाग मोजणीत नाही. गावाबाहेर 'किलोमीटर शून्य' नावाची जागा ठरलेली असते. तिथे गाडीच्या छतातून पांढरा झेंडा हलला की शर्यत खरी सुरू होते. घड्याळही तिथूनच आणि अंतरही तिथूनच. शेवट कुठे? पुढच्या चाकाच्या टायरची पुढची कड फिनिश लाइनच्या अलीकडच्या कडेला पोचली, तो क्षण. सायकलस्वाराची छाती नाही, हँडल नाही, टायर. म्हणून त्याच सायकलस्वाराने नंतर आपलं ॲप उघडून दाखवलं तर अंतर जास्त आणि सरासरी कमी दिसते. त्यात गावातली मिरवणूक आणि फिनिशनंतरचं फिरणंही आलेलं असतं. अधिकृत अंतर मात्र कोणाच्या मीटरवरून घेत नाहीत, आयोजकांनी आधी मोजून छापलेल्या रस्त्यावरून घेतात.

वेळ कोणाची, यात एक गंमत आहे. दीडशे जण एका घोळक्यात आले तर त्या सगळ्यांना घोळक्यातल्या पहिल्याची वेळ देतात. शेपटाचा माणूस प्रत्यक्षात वीस सेकंद उशिरा आला तरी कागदावर वेळ तीच. दोन सायकलस्वारांमध्ये ठरावीक फट पडली तरच नवी वेळ सुरू होते. सपाट स्टेजच्या शेवटी ठरलेल्या टप्प्यात कोणी पडला किंवा पंक्चर झाला, तर त्या क्षणी ज्या घोळक्यात होता त्या घोळक्याची वेळ त्याला मिळते. म्हणजे कागदावरचा सरासरी वेग आणि रस्त्यावर प्रत्यक्ष झालेला वेग यांत थोडं अंतर नियमानेच ठेवलेलं आहे. हे लबाडीने केलेलं नाही. शेवटच्या शे-दोनशे मीटरवर एकेका सेकंदासाठी दीडशे लोकांनी एकमेकांच्या अंगावर जाऊ नये, म्हणून आहे.

भागाकाराची एक चूक मात्र खरीच फार दिसते, ती इथे सांगून टाकतो. मारियो चिपोलिनीने १९९९ च्या टूरमध्ये लाव्हाल ते ब्लुआ ही १९४.५ किलोमीटरची स्टेज ३ तास ५१ मिनिटं ४५ सेकंदांत जिंकली. टूरमधली सगळ्यात वेगवान साधी (सगळे एकत्र सुटतात ती) स्टेज म्हणून ती आजही सांगतात. अनेक जण कॅल्क्युलेटरवर १९४.५ भागिले ३.५१ करतात आणि ५५ च्या वर आकडा आला की खूश होतात. पण ५१ मिनिटं म्हणजे ०.५१ तास नव्हे. तासात साठ मिनिटं असतात, शंभर नाहीत. सगळ्यात बिनचूक रस्ता म्हणजे वेळेचे सेकंद करा: इथे १३,९०५. अंतराला ३,६०० ने गुणा आणि सेकंदांनी भागा. ५०.३५५९ येतं. पुढचे अंक सोडून दिले की अधिकृत ५०.३५५. तीच रीत २०२५ च्या नवव्या स्टेजला लावा: शिनाँ ते शातोरू, १७४.१ किलोमीटर, विजेता टिम मर्लिए, ३ तास २८ मिनिटं ५२ सेकंद. ५०.०१३ आला तर तुमचं गणित बरोबर. त्या दिवशी मात्यू व्हान डर पूल आणि त्याचा साथीदार रिकार्ट अगदी सुरुवातीपासून घोळका सोडून पुढे पळाले होते, आणि त्यांना पकडायला मागच्यांना दिवसभर जोर लावावा लागला. वेग ५० च्या वर गेला त्याचं मोठं कारण हेच. जिंकणारा मात्र दिवसभर घोळक्याच्या आडोशाला होता.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे जाता येतं. एकवीस वेगांची बेरीज भागिले एकवीस, हे का चालत नाही? समजा तीनच स्टेज आहेत. सपाट २०० किलोमीटर, ताशी ४५ ने. डोंगरातली १३० किलोमीटर, ताशी ३२ ने. आणि ३० किलोमीटरची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची स्टेज), ताशी ५० ने. तिन्ही वेगांची सरासरी काढली तर ४२.३ येते. आता खरी वेळ काढा. पहिलीला साधारण ४ तास २७ मिनिटं, दुसरीला ४ तास ४ मिनिटं, तिसरीला ३६ मिनिटं. एकूण ३६० किलोमीटर, ९ तास ६ मिनिटांच्या थोडं वर. वेग ३९.५. जवळपास तीनचा फरक पडला. छत्तीस मिनिटांच्या टाइम ट्रायलला तुम्ही साडेचार तासांच्या स्टेजइतकंच वजन दिलं, म्हणून. सरासरीत प्रत्येक वेगाला तो जितका वेळ टिकला तितकंच वजन मिळायला हवं. ते आपोआप मिळावं म्हणून सगळं अंतर एकीकडे आणि सगळी वेळ एकीकडे बेरीज करायची, आणि भागाकार एकदाच करायचा.

तुमचा आकडा जास्त येण्याचं दुसरं कारण असं की तुमच्या वहीतले एकवीस वेग एका माणसाचे नाहीतच. रोजचा वेग त्या दिवशी स्टेज जिंकणाऱ्याचा. टूरचा सरासरी वेग मात्र शेवटी पिवळी जर्सी घालणाऱ्याचा, म्हणजे सगळ्या स्टेज मिळून ज्याची एकूण वेळ सगळ्यात कमी त्याचा. कित्येक दिवशी पळालेले चार-पाच जण आधी येतात आणि पिवळी जर्सीवाला घोळक्यात आरामात, कधी कधी दहा मिनिटांनी मागून. एकवीस वेगवेगळ्या पहिल्यांना जोडून एक माणूस केला तर तो खऱ्या विजेत्यापेक्षा वेगवान निघणारच. दोन्ही कारणं तुमचा आकडा वरच ढकलतात.

मग टूरचा अधिकृत आकडा तरी पक्का का? जवळपास. विजेत्याच्या एकूण वेळेत बोनस सेकंद वजा केलेले असतात. स्टेजला पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंद. म्हणजे त्याने प्रत्यक्ष सायकल चालवली त्याहून कागदावरची वेळ थोडी कमी. ८० तासांत मिनिटभर बोनस मिळाला तर ताशी ४२ च्या वेगात नऊ मीटरच्या आसपास फरक पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दशांशावर वाद घालणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

बोनसपेक्षा मोठा फरक स्टेज कापल्याने पडतो. २०१९ मध्ये एकोणिसाव्या स्टेजला गारांचा मारा झाला, दरड कोसळली, रस्ताच गेला. मग इझराँ खिंडीच्या माथ्यावरच्या वेळा धरून शर्यत तिथेच संपवली. त्या दिवशी स्टेज विजेता कोणी नाहीच. दुसऱ्या दिवसाची स्टेजही १३० वरून ५९.५ किलोमीटरवर आणली. त्या वर्षीचा विजेता एगान बर्नालची वेळ ८२ तास ५७ मिनिटं, मोजलेलं अंतर ३,३६५.८ किलोमीटर, वेग ४०.५७. कोणी जुन्या छापील माहितीतलं अंतर घेऊन भागलं असतं तर ते शंभरावर किलोमीटरने जास्त होतं, आणि वेग ताशी एक किलोमीटरहून जास्त फुगला असता. २०२५ मध्ये पॅरिसच्या शेवटच्या दिवशी पावसामुळे एकूण क्रमवारीच्या वेळा शेवटापासून सुमारे ५० किलोमीटर आधीच घेतल्या. पुढे शर्यत चालली, पण फक्त स्टेज जिंकण्यासाठी. आता सांगा, अंतर शेवटपर्यंतचं घ्यायचं की वेळ जिथे घेतली तिथपर्यंतचं? माझ्या मते वेळ जिथे थांबली तिथेच अंतरही थांबलं पाहिजे. वेगवेगळ्या ठिकाणी त्या वर्षाचे आकडे जुळताना दिसले नाहीत तर आधी हेच तपासा.

आणि सरासरी वेग शर्यत ठरवत नाही, हेही सांगायला हवं. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँने लॉरां फिन्योंला ८ सेकंदांनी हरवलं, ३,२८५ किलोमीटरनंतर. दोघांच्या सरासरी वेगात फरक किती? ताशी जेमतेम एक मीटर. शेवटच्या दिवशीची व्हर्सायहून पॅरिसची टाइम ट्रायल २४.५ किलोमीटरची. लेमाँची वेळ २६ मिनिटं ५७ सेकंद, वेग ५४.५४५. टाइम ट्रायल म्हणजे आपला शंकरपट समजा: शेजारी कोण धावतंय याला अर्थ नाही, जोडी आणि घड्याळ. तिथे वेग आणि वेळ यांच्या मधे कुठला घोळका येत नाही, त्यामुळे एका माणसाचा खरा वेग पाहायचा तर तिथेच पाहावा.

आता तुम्ही उघडपणे विचारलं नाही, पण मनात असणार: टूरवाले ४२ आणि मी २४, एवढा फरक? थोडा पायांचा, बराचसा हवेचा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. २४ वरून ४२ वर जायचं तर हवेसाठीची ताकद पाचपटीहून जास्त लागते. पण घोळक्याच्या पोटात बसलेल्याला ती सगळी लावावी लागत नाही. बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ जणांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आतल्या, मागच्या जागी असलेल्याला एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत ५ ते १० टक्केच हवेचा विरोध होतो, असं त्यात दिसलं. शिवाय त्यांच्यासाठी रस्ता बंद असतो. तुमच्यासमोर ट्रॅव्हल्स, कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली आणि अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन. तुमच्या २४ मध्ये सगळा वारा तुम्ही एकट्याने खाल्लेला आहे.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज आहे, जाताना पाठीशी आणि येताना समोर म्हणजे हिशोब फिटला. फिटत नाही. जाताना ४० किलोमीटर ताशी ३२ ने गेलात, येताना २२ ने, तर सरासरी २७ नव्हे, २६ येईल. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून त्या वेगाचं वजन जास्त. घाटात हे आणखी ठळक होतं. आमच्याकडे परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारी पोरं नेहमी चकतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, आणि चढ काही सरळ नाही. समजा २० किलोमीटर चढ ताशी १२ ने चढलात आणि तोच उतार ताशी ४० ने उतरलात. पोरं म्हणतात सरासरी २६. पण चढायला १ तास ४० मिनिटं लागली, उतरायला अर्धा तास. ४० किलोमीटरला २ तास १० मिनिटं म्हणजे साडेअठरा. उतारावर कितीही जीव धोक्यात घातला तरी चढावर गेलेली वेळ परत मिळत नाही. ५० ने उतरलात तरी सरासरी एकोणीसच्या थोडी वर. त्यासाठी मेळघाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या एसटीशी पैज लावू नका.

म्हणून चढाच्या शर्यतीत जाणकार लोक ताशी किलोमीटरपेक्षा ताशी किती मीटर उंची चढला ते पाहतात. टूरमधल्या आल्प ड्युएझ या प्रसिद्ध चढाची मार्को पांतानीची १९९७ ची वेळ बहुतेक ठिकाणी ३७ मिनिटं ३५ सेकंद दिलेली दिसते, १३.८ किलोमीटरसाठी. साधा वेग ताशी २२. ऐकायला काहीच नाही, तुमच्या रविवारपेक्षा कमी. पण सरासरी चढ आठ टक्क्यांचा. म्हणजे तासाला पावणेअठराशे मीटर उंची. त्या काळच्या आकड्यांवर डोपिंगची सावली आहे, ते वेगळं. पण त्याच डोंगराच्या वेळा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या का, याचं कारण पुन्हा तेच. मोजणी पुलापासून, पहिल्या वळणापासून की गावातून? २००४ ची तिथली टाइम ट्रायल १५.५ किलोमीटरची होती, कारण चढाआधीचा सपाट तुकडाही त्यात धरला होता. तिची पूर्ण वेळ १३.८ च्या वेळेशेजारी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

जुन्या-नव्याची तुलनाही याच कारणाने जपून करावी. १९०३ च्या पहिल्या टूरमध्ये मोरिस गारँचा वेग २५.६८, २०२४ मध्ये विजेत्या पोगाचारचा ४१.८२. पण १९०३ मध्ये सहाच स्टेज, एकेक चारशे किलोमीटरच्या आसपास, रात्री-बेरात्री, कच्च्या रस्त्यावर, एकाच गिअरवर. पॅरिस-रुबेमध्ये उलटं झालं. १९६४ चा पीटर पोस्टचा ४५.१२९ हा वेग २०१७ पर्यंत कोणी मोडला नाही. सायकली सुधारल्या, डांबर सुधारलं, तरी नाही. त्या वर्षी दगडी रस्त्याचा वाटा नंतरच्यापेक्षा कमी होता, आणि पुढे आयोजकांनी मुद्दाम शोधून शोधून दगडी रस्ते घातले. २०२४ मध्ये व्हान डर पूलने तीच शर्यत ४७.८ ने मारली. वेग एकट्या माणसाचा कधीच नसतो. रस्ता, वारा, घोळका, हवामान, सगळ्यांचा मिळून असतो.

हवामानावरून आठवलं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांत हवा डिसेंबरच्या सकाळपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ असते, म्हणजे विरोधही तेवढा कमी. कागदावर फायदा. प्रत्यक्षात तासाभरात डोकं भणभणायला लागतं. मे महिन्याची शर्यत सकाळी सहाला सुरू करून नऊच्या आत संपवावी, यावर माझी तडजोड नाही.

तुमच्या गावच्या शर्यतीआधी एवढंच की व्यावसायिक शर्यतीत हा वेग नुसता बोर्डावर लिहायला नसतो. आयोजकांच्या वेळापत्रकात प्रत्येक गावासमोर तीन वेळा छापलेल्या असतात, शर्यत हळू, मध्यम किंवा जोरात चालली तर कधी पोचेल त्या. पोलीस रस्ता कधी बंद करायचा ते त्यावरून ठरवतात. दिवसाच्या शेवटी किती उशिरा आलेला बाद, हेही विजेत्याच्या सरासरी वेगावर ठरतं. वेग जास्त असेल तर सवलतीची टक्केवारी वाढते, कारण जोरात गेलेल्या दिवशी मागे पडणं जास्त क्षम्य. तुम्हीही तेच करा. ३२, ३६ आणि ४० अशा तीन वेगांनी तुमच्या मार्गावरच्या प्रत्येक फाट्याची वेळ काढा आणि तो कागद ठाण्यात, आगारात आणि सरपंचांकडे द्या. एसटी कधी थांबवायची हे त्यांना आधी कळलं तर अर्धी कटकट मिटते.

आता मोजणी. अंतर दुचाकीच्या किंवा जीपच्या मीटरवरून घेऊ नका, आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरूनही नको. रस्ता रुंद झाला, वळण काढलं, दगड मात्र जुन्याच जागी, असं आपल्याकडे सर्रास आहे. चाकावर सेन्सर असलेला सायकल मीटर एखाद्याकडून मागून घ्या. जो मोजायला बसणार त्यालाच सायकलवर बसवून, टायरमध्ये नेहमीची हवा भरून, शाळेच्या सपाट मैदानावर चाकाच्या व्हॉल्व्हपासून खडूने खूण करा. दहा फेरे पुढे न्या आणि टेपने मोजा. साध्या रोड सायकलच्या चाकाचं दहा फेऱ्यांना २१ मीटरच्या आसपास येईल. एका फेऱ्याचा आकडा मिलिमीटरमध्ये मीटरला भरा. मग पूर्ण मार्ग दोनदा मोजा, ज्या बाजूने शर्यत धावणार त्याच बाजूने. दोन मोजण्यांत शंभर मीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. मोबाइलचा जीपीएस सोबत ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. झाडीत आणि वळणावर तो कोपरे कापतो.

सुरुवात चौकात करू नका. चौकातून पोरांना गाडीमागे हळू न्या, गावाबाहेर नाक्यावर खूण केलेल्या रेषेवर झेंडा हलवा. तुमचं किलोमीटर शून्य ते. मोजलेलं अंतरही त्याच रेषेपासून असलं पाहिजे. झेंड्याजवळ आणि फिनिशवर एकाच वेळी लावलेली दोन घड्याळं हवीत. मोबाइलवर 'निघाले' असं कोणी सांगितल्यावर फिनिशवाल्याने बटण दाबायचं, ही पद्धत बंद करा. फिनिशवर एक माणूस फक्त घड्याळ पाहणारा, दुसरा फक्त नंबर लिहिणारा, आणि रेषेच्या सरळ रेषेत स्टूलवर एक मोबाइल व्हिडिओ घेत ठेवलेला. टायरची कड रेषेला कधी लागली ते भांडण झाल्यावर त्यात दिसतं. भांडण होतंच.

आणि बोर्डावर किती दशांश लिहायचे? समजा जिंकणारा १ तास ४ मिनिटं ३० सेकंदांत आला. ३,८७० सेकंद, ४० किलोमीटर, वेग ३७.२०९. हातातल्या घड्याळात एक सेकंद इकडे-तिकडे झाला तर फरक ताशी दहा मीटरचा. पण अंतर मोजण्यात दोनशे मीटर चुकले तर वेग जवळपास ताशी दोनशे मीटरने बदलतो. म्हणजे तुमची कच्ची बाजू घड्याळ नाही, अंतर आहे. मग ३७.२०९ लिहिण्यात अर्थ नाही. ३७.२ लिहा, आणि त्याखाली अंतर आणि वेळही लिहा. पुढच्या वर्षी मार्ग बदलला तर लोकांना कळलं पाहिजे की ही तुलना वेगळ्या रस्त्याशी होतेय. मार्ग तोच ठेवणार असाल तर नाक्याच्या आणि फिनिशच्या रेषेशेजारी पुलाचा कठडा, विजेचा खांब अशी हलणार नाही अशी खूण वहीत लिहून ठेवा. खडू पावसात जातो, आणि डांबर तर दरवर्षी नवीन पडतं.